पान खाणं म्हणजे खाणं नव्हे

आमच्या पानवाडीत वेलींच्या दोन रांगांमध्ये जी वाट असते, तिला वाट म्हणणं जरा जास्तच झालं. एक माणूस आणि त्याच्या कमरेला टेकवलेली टोपली, एवढीच ती जागा. लग्न होऊन पालघरच्या पश्चिमेकडच्या या गावात आले, तेव्हा मी तिथून पळत जायचे. सासरे ओरडायचे, "हळू गो पोरी, वेली काय पळून नाय जात."

छप्पन्नाव्या वर्षी मी त्याच वाटेत शिरले, पानं खुडली आणि मागे वळताना नुसत्या कमरेने अकरा वेली आधाराच्या काठ्यांसकट आडव्या केल्या. अकरा, कारण ह्यांनी त्या मोजल्या. ओरडले नाहीत. वेली उचलून परत बांधल्या, हात धुतले आणि म्हणाले, "उद्यापासून तू ओट्यावर बस. पानं निवड."

पानं निवडणं हे आमच्याकडे म्हाताऱ्यांचं काम. मी तेव्हा एकशे अठरा किलोंची होते, पण म्हातारी नव्हते, असं माझं मत. तेव्हाच्या त्या बाईची मतं पुष्कळ होती. माझं वजन हाडांचं आहे. गुडघे दुखतात ते खाऱ्या वाऱ्याने. चिकू हे फळ आहे, आणि फळाने कोणी जाडं होत नाही, मग ती बसल्या बैठकीला सहा का खाईना. आज ती समोर आली तर मी तिला आधी बसायला भक्कम खुर्ची देईन आणि मग पोटभर हसेन.

ओट्यावर आठ दिवस बसले. पलीकडे वाडीतून सुनेचा आणि ह्यांचा आवाज यायचा, कुठली रांग झाली, कुठली राहिली. नवव्या दिवशी मी मुलाला म्हटलं, "तुझ्या त्या बोईसरच्या डॉक्टरकडे ने मला." मुलगा तारापूरला कारखान्यात आहे. साखरेसाठी त्या डॉक्टरकडे मी वर्षभर जात होते, आणि वजनाच्या ऑपरेशनचं ते दर खेपेला सांगत होते. दर खेपेला मी "बघू" म्हणायचे.

त्यांनी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या सर्जनने कागदावर पोट काढून दाखवलं. म्हणाले, "एवढा भाग कापून टाकायचा. उरेल ती पिशवी केळ्याएवढी."

मी विचारलं, "कुठल्या केळ्याएवढी?"

"म्हणजे?"

"वेलची का राजेळी? आमच्या वाडीत दोन्ही आहेत. दोन्हींत फार फरक पडतो."

सर्जन हसले आणि पुढचं समजावायला लागले. मी मनात मोठं, राजेळी धरून चालले.

ऑपरेशनआधी पंधरा दिवस नुसतं पातळ घ्यायचं होतं. त्याने यकृत आकसतं आणि आत काम करायला जागा होते. आहार सांगणारी मुलगी माझ्या नातीची थोरली बहीण शोभेल एवढी होती. तिने वही उघडली आणि म्हणाली, "दिवसभरात जे जे खाता ते सगळं सांगा. काही लपवायचं नाही."

मी लपवलं नाही. भात सांगितला, भाकरी सांगितली, चिकू सांगितले, भाजी ढवळताना चाटलेला डावसुद्धा सांगितला. पान सांगितलं नाही. पान हे खाणं आहे असं माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या घरी पाहुणा दोन पानं खाऊन उठला तरी सासूबाई हळहळायच्या, "बिचारा तोंडात काही न घालता गेला." दिवसाला बारा-तेरा पानं मी चघळायचे, सुपारी आणि चिमूटभर तंबाखू घालून. ओट्यावर बदली झाल्यापासून तर पान हाताशीच.

पंधरा दिवस मी ताक, डाळीचं पाणी आणि भाज्यांचं सूप यांवर काढले. भूक लागली की पान. आकडा वीसवर गेला. हे शेजाऱ्यांना सांगत होते, "बघा, काय निग्रह आहे!" मीही तोंड भरलेलं असल्यामुळे विनयाने मान हलवत होते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरीण बाई तपासायला आल्या. तरुण होत्या, चष्म्याच्या. सून माझ्या उशाशी उभी.

"तोंड उघडा, आजी. अजून. एवढंच उघडतं?"

"एवढंच लागतं."

"तीन बोटं उभी धरून आत घाला बघू."

दोन गेली. तिसरं दातांवर अडलं.

"पान खाता?"

"नाही."

सून छताकडे बघायला लागली.

"तंबाखू?"

"छे हो."

"मग ही लिपस्टिक कुठली?"

सुनेला हसू आवरेना. मी मात्र रडवेली झाले, कारण डॉक्टरीण बाई आता हसत नव्हत्या. त्यांनी नीट समजावलं. भूल दिल्यावर श्वासाची नळी तोंडातून घालावी लागते, आणि सुपारीने माझे गाल आतून आखडले होते. शिवाय तंबाखूने टाके भरून येत नाहीत, आणि पोटातला टाका सुटला तर जिवावर बेततं. "दोन महिने पान, सुपारी, तंबाखू पूर्ण बंद. तोंडाचा व्यायाम. मग परत बघू. तोंड उघडलं नाही, किंवा खाताना सापडलात, तर ऑपरेशन नाही."

तर परत ओट्यावर. दारुड्याला गुत्त्यात नोकरी लावावी तसं झालं. मांडीवर पानांची रास, हाताला पानांचा वास, आणि तोंडात आईस्क्रीमच्या लाकडी काड्या. एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि दर आठवड्याला एक वाढवायची. काड्या मिळाल्या, आईस्क्रीम नाही.

माझ्यावर पहारा होता नातीचा. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेत जाताना आणि आल्यावर फर्मान सुटायचं, "जीभ दाखव." तिसऱ्या आठवड्यात मी एक विडा पावडरच्या डब्यात लपवला आणि दुपारी मोरीत जाऊन तोंडात टाकला. शाळेला त्या दिवशी अर्धी सुट्टी होती, ते मला कुठून ठाऊक? दारात ती उभी.

"आजी, जीभ."

मी मान हलवली.

"बरं. मग आजोबांना सांगते, ओट्यावर तुझं नाव लिहून घ्या. कायमचं."

मी विडा मोरीत थुंकला. तिने वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि कोणाला काही सांगितलं नाही. त्यानंतर पान तोंडात गेलेलं नाही. डोकं दुखलं, चिडचिड झाली, एकदा ह्यांच्या अंगावर काड्या फेकल्या. पण दोन महिन्यांनी तिसरं बोट निम्मं आत गेलं.

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "अडीच. कॅमेऱ्याची नळी वापरून चालवून घेऊ."

पुढचं पंधरा दिवसांचं पातळ या वेळी खरोखरचं पातळ होतं. ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही, मी झोपले होते. पोटावर पाच भोकं, पोटात भरलेल्या वायूची खांद्यात कळ, आणि संध्याकाळी दोन नर्सांनी धरून चालवलं. पहिले काही दिवस औषधाच्या टोपणाने पाणी प्यायचं, घोट घोट. जी बाई एका दमात तांब्या रिकामा करायची, तिला एक टोपण पुरवून पुरवून प्यावं लागत होतं. केळं वेलचीच निघालं.

मऊ खाण्यावर आले तेव्हा आहारवाली म्हणाली, पनीर कुस्करून खा. मला ते ओल्या खडूसारखं लागायचं. सातपाटीहून मासे घेऊन येणारी बाई पायरीवर टोपली टेकत म्हणाली, "पनीर कनाला, काकी? वला बोंबील घ्या. दात नसलेल्या पोराला पन भरवतो आमी."

फोनवर विचारलं तर आहारवाली म्हणाली चालेल, तळायचा मात्र नाही. हळद-मीठ लावून वाफवलेला अर्धा बोंबील ही माझी मेजवानी. चार महिन्यांनी तीच कोळीण मला न्याहाळत म्हणाली, "काकी कुठं गेली? तू सून हाय का तिची?" चेष्टा होती हे कळत होतं, तरी मी तिच्याकडून त्या दिवशी दोन वाटे जास्त घेतले.

बाकी गंमत कमीच. तिसऱ्या महिन्यात केस मुठीने गळले, मग हळूहळू परत आले. दंडाची कातडी लोंबायला लागली ती कायमची. गोळ्या जन्मभर आहेत. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. भाच्याच्या लग्नात आग्रहाला भुलून दीड जिलबी खाल्ली, तर घाम फुटून छाती धडधडायला लागली आणि मी मांडवातल्या गादीवर आडवी. बायका म्हणाल्या, बारीक झाली ना, दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळल्या. मी ओवाळून घेतल्या, जिलबीचं बोलले नाही. मधल्या काळात एकदा वजन अडून बसलं, चार महिने हललं नाही, तेव्हा मला खात्री पटली होती की माझा जन्म ओट्यावरच जाणार.

सव्वा वर्षाने काटा शहात्तरवर आला. त्या सकाळी मी वाडीच्या कुंपणाशी गेले. हे आत होते. माझ्याकडे नीट वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "चपला काढ." पानवाडीत कोणी चपला घालून जात नाही, हे त्यांनी मला चाळीस वर्षांनी नव्याने सांगितलं. म्हणजे आत ये असंच ते म्हणत होते.

अंगठ्याला खुडायचं लोखंडी नख अडकवलं. ते आता सैल झालं होतं, चिंधी गुंडाळावी लागली. टोपली घेऊन शिरले. दोन्ही बाजूंना पानं दंडांना लागत होती, ओली आणि गार. टोकाला पोचले, श्वास धरला आणि वळले. एकही वेल हलली नाही. मागे बघितलं तर हे रांगेच्या तोंडाशी उभे राहून काठ्या बघत होते, मला नाही.

मग खुडायला लागले आणि पाचच मिनिटांत सून ओरडली, "आई, ही कोवळी आहेत! अजून आठ दिवस ठेवायची होती. देठ बघा ना." हात विसरले होते. ती दोन रांगा पुढे गेली तरी माझी पहिलीच चालू. शिवाय दहा वाजता मला खावंच लागतं, नाहीतर गरगरतं. बांधावर बसून डबा उघडला. उकडलेलं एक अंडं, तेही वीस मिनिटं चावत.

सून वेलींमागून म्हणाली, "आई, झालं का?"

"अर्धं राहिलंय."

"अंडं का रांग?"

"दोन्ही," मी म्हटलं, आणि चावत राहिले.