मांडवाबाहेरून ऐकलेलं गाणं

धंतोलीतल्या दवाखान्यात गळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून बायकोच्या आवाजात नुसती खरखर उरली आहे. भाचीची हळद आठ दिवसांवर आली आणि नरखेडहून फोनावर फोन सुरू झाले: मामी गाणार नाही, तर हळद लागल कशी? हळदीचं गाणं म्हणावं तर हिनंच, हे मी कोणाशीही भांडून सांगायचो.

उपाय मुलीनं काढला. कॉम्प्युटरवर काम करते ती. कोण्या जुन्या लग्नात हिचं गाणं भरलेली एक कॅसेट सापडली. त्यातला बाकी गलका पुसून तिनं ती सॉफ्टवेअरला ऐकवली, आणि आता म्हणे ते आईच्या आवाजात कोणतंही गाणं म्हणतं. मला काही उमगेना. गळा नाही, छाती नाही, मग गाते कोण बाप्पा?

बायको मुलीला म्हणाली, "तुह्या बाबाले कॅसेट अन् मशीन, दोन्ही ऐकव. त्यायले फरक समजला, तं मशीन लावू नोको. मंग मी अशीच म्हणीन, जसं जमते तसं."

मुलीनं आधी एक वाजवलं, मग दुसरं. पहिल्यात प्रत्येक ओळ झाली की आवाज गप्प बसायचा, मग पुढची ओळ. दुसरं सरळ चाललेलं, पोळ्या लाटताना ती म्हणायची तसं. मी ऐटीत सांगितलं, "पहिलं मशीनचं. अटकून राहिलं ना ते!"

मुलगी खाली पाहू लागली. "बाबा, पहिलं कॅसेटमधलं आहे."

मी भैताडासारखा दोघींकडे पाहत राहिलो. "मंग मधात थांबते काहून?"

"बाया मागून म्हणतात ना," बायको म्हणाली. "त्यायच्यासाठी थांबा लागते. त्यायचे आवाज पोरीनं पुसले."

हळदीच्या वेळी आम्ही गडीमाणसं मांडवाबाहेर खुर्च्या टाकून चहा पीत बसायचो. आतून यायचा तो बायांचा कल्ला. इतकी वर्षं बढाई मारली, आणि तिचं गाणं आत जाऊन एकदाही ऐकलं नाही! लाज वाटली. पण खोटं काहून बोलू, तो दुसरा, मशीनचाच आवाज मला अजूनही तिचा वाटत होता. असं कसं होतं, काही कळेना.

मी म्हटलं, "परत एकदा लाव."

"राहू द्या," बायको उठत म्हणाली. "हळदीत मशीनच लाव वं पोरी. यायनंच नाही ओळखलं, तं बाकीच्यायले का समजते?"