ठाण्याचे लॉर्ड आणि पोशाचा बांध

आमच्या लॉर्डसभेचे किस्से मी कधी मुद्दाम जमवले नाहीत. माळ्यावर रिकाम्या बरण्या साठाव्यात तसे ते साठत गेले. टाकवत नाहीत, आणि उपयोगही काही नाही. परवा एकाने विचारले, "मास्तर, तुमच्या तरुणपणी ठाण्यात करमणूक काय होती हो?" मी म्हटले, "आमच्याकडे हाऊस ऑफ लॉर्ड्स होते." मंडळी हसली. थापा वाटत असतील तर ऐका.

*

आप्पा वकिलांनी मुंबईच्या एका लिलावातून विलायतेच्या पार्लमेंटच्या रीतिरिवाजांवरचे जाडजूड पुस्तक आणले, तिथून सगळे सुरू झाले. तेव्हा गावोगाव सभा निघत होत्या, मग ठाण्याने का मागे राहावे? पुस्तकात दोन्ही सभागृहांची माहिती होती. मी सुचवले, "आपण कॉमन्स काढू. लोकांची सभा आहे ती."

आप्पा म्हणाले, "मास्तर, तिथे निवडून यावे लागते."

झाले, लॉर्डसभा ठरली. आप्पांच्या तळ्याकाठच्या घराच्या माडीवर दर शनिवारी दुपारी ती भरू लागली. लॉर्ड चौघे. पेन्शनीत निघालेले मुनसफ तात्यासाहेब हे लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे सभेचे मुख्य. दुसरे आप्पा. तिसरे कल्याणचे रावसाहेब, ते आगगाडीने येत आणि फेटा बदलूनच माडी चढत. चौथे इनामदार, खाडीकाठची कुरणे आणि मिठागरे त्यांची. मी शाळामास्तर, म्हणून मला क्लार्क केले. क्लार्काने सगळे लिहायचे आणि स्वतः काही बोलायचे नाही. शाळेत माझे नेमके उलट चाले.

*

विलायतेत लॉर्ड चॅन्सेलर लोकरीने भरलेल्या मोठ्या गादीवर बसतात, असे पुस्तकात निघाले. तेव्हा धनगराकडून लोकर आणून तशी गादी शिवून घेतली. विलायतेच्या थंडीत ती सुखाची असेल. ठाण्याच्या चैत्रात, आणि तेही धोतर नेसून, तात्यासाहेबांचे काय होत असेल ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

पण पुस्तकात आणखी एक नियम होता. चॅन्सेलरना स्वतःचे मत मांडायचे असेल, तर त्यांनी गादीवरून उठून बाजूला उभे राहून बोलावे. हा नियम तात्यासाहेबांना फार पटला. आयर्लंडच्या कुळांवर ते तासभर बोलले. स्कॉटलंडच्या साल्मन माशांवर त्याहून जास्त बोलले, आणि मासा त्यांच्या घरात सात पिढ्यांत शिरलेला नव्हता.

रावसाहेब मला म्हणाले, "तात्यासाहेबांचा व्यासंग दांडगा आहे."

मी म्हटले, "हो, आणि गादी टोचते."

*

त्या काळी विलायतेत एक बिल पुन्हा पुन्हा येई. बायको वारली तर तिच्या बहिणीशी लग्न करायला मुभा असावी, असे ते बिल. लॉर्ड ते दर वेळी फेटाळत. मग आम्हीही ते फेटाळायचे ठरवले. सगळ्यांत कडक भाषण कल्याणच्या रावसाहेबांचे झाले. अशा लग्नांनी घराघरांतली मर्यादा बुडेल, असे त्यांनी तीनतीनदा बजावले. बिल एकमताने पडले.

नंतर पोहे खाताना आप्पांनी हळूच विचारले, "रावसाहेब, आपल्या हल्लीच्या वहिनी या थोरल्या वहिनींच्या सख्ख्या धाकट्या बहीण ना?"

"अर्थात."

"मग मघाशी ते भाषण?"

रावसाहेबांनी पोह्यांवर लिंबू पिळले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, कल्याणला मी नवरा आहे. इथे मी लॉर्ड आहे."

*

इथवर कोणाचे काही बिघडत नव्हते. मग पोशा आला.

पोशा म्हात्रे हा खाडीकाठच्या एका पाड्यावरचा आगरी. खाडीचे पाणी भातशेतात शिरू नये म्हणून पाड्याने मिळून मातीचा बांध घातलेला होता. वैशाखात त्याला भगदाड पडले. बांध पाड्याचा, शेते पाड्याची, पण भगदाड बुजवायला लागणारी चिकण माती जवळपास एकाच जागी होती, इनामदारांच्या कुरणात. ज्येष्ठातल्या अमावास्येला मोठे उधाण येते. त्याच्या आत बांध उभा राहिला नाही, तर खारे पाणी शेतात पसरणार आणि पुढची दोन-तीन वर्षे भात पिकणार नाही. पोशाला हवे होते ते एवढेच, की इनामदारांनी "ने माती" म्हणावे.

इनामदार कधी "नाही" म्हणत नसत. "हो" म्हणण्याचीही त्यांना सवय नव्हती. पोशा सात-आठ माणसे घेऊन त्यांच्या ओटीवर गेला, तेव्हा ते म्हणाले, "अरे, मी एकटा ठरवणारा कोण? सभेपुढे अर्ज कर."

आमच्या सभेपुढे खराखुरा अर्ज असा पहिल्यांदाच आला. लॉर्डांना इतका आनंद झाला की तात्यासाहेबांनी स्वतः उठून त्या सगळ्यांना गूळपाणी दिले. मग आप्पांनी पुस्तक उघडून सांगितले की परक्या माणसांनी सभेच्या कडेला बांधलेल्या दोरीच्या पलीकडे उभे राहावे आणि बोलू नये.

"मंग माजा सांगनार कोन?" पोशाने विचारले.

"सभा सांगेल," आप्पा म्हणाले.

सभा सांगणार होती, पण आप्पा आणि इनामदार एकदम बोलायला उभे राहिले. कॉमन्समध्ये अध्यक्ष एकाला खाली बसवतो. लॉर्डांच्या चॅन्सेलरना तो अधिकार नाही, आधी कोणी बोलायचे ते सभेने ठरवायचे असते. तेव्हा आधी कोणी बोलावे यावर मोशन, म्हणजे ठराव, आले. त्या मोशनवर चौघेही बोलले. शेवटी रावसाहेबांच्या गाडीची वेळ झाली आणि सभा उठली.

जिन्यात पोशाने मला गाठले. "मास्तर, मातीचा काय ठरला?"

मी म्हटले, "आधी कोणी बोलायचे ते ठरते आहे."

"मंग भरतीला सांगू का थांब म्हनून?"

मला लाज वाटली. क्लार्काला लाज वाटण्याबद्दल पुस्तकात काही लिहिलेले नव्हते.

*

पुढच्या शनिवारी रावसाहेबांच्या घरी बारसे होते. त्या पुस्तकाप्रमाणे गैरहजर लॉर्डाला आपले मत दुसऱ्याच्या हाती देता येई. विलायतेत ही चाल केव्हाच बंद झाली होती, पण पुस्तक जुने होते आणि आम्ही पुस्तकाचे ऐकत होतो. रावसाहेब मनाने पोशाच्या बाजूचे. तरी त्यांनी आपले मत सोपवले इनामदारांकडे, कारण बारशाचा आहेर आधीच पोचवायला तेच कल्याणला गेले होते.

इनामदारांनी सभा सुरू होताच मोशन आणले की विषय नाजूक आहे, तो एक आठवडा पुढे ढकलावा. बाजूने दोन मते पडली, एक इनामदारांचे आणि एक रावसाहेबांचे. विरुद्ध एकटे आप्पा. तात्यासाहेब गादीवरून उठून उभे राहण्याच्या आनंदात मत द्यायचेच विसरले.

रावसाहेबांना कळले तेव्हा ते फार संतापले. "अहो, मी मातीच्या बाजूचा होतो!"

इनामदार शांतपणे म्हणाले, "तुम्ही होता. पण मत माझ्याकडे होते."

*

त्याच्या पुढल्या शनिवारी तर खरा लॉर्ड आला. विलायतेतून शिकारीसाठी हिंदुस्थानात आलेला एक तरुण लॉर्ड ठाण्याला कोणा साहेबाच्या बंगल्यावर उतरला होता. आप्पांनी कुठून कुठून वशिले लावून त्याला माडीवर आणले. साहजिकच पोशाचा अर्ज बाजूला राहिला. पोशा आणि त्याची माणसे दोरीपलीकडे उभीच होती.

तात्यासाहेबांनी गादी दाखवून विचारले, "आपल्याकडचीही अशीच टोचते का?"

तो बिचारा गोंधळला. म्हणाला, वडील वारल्यावर शपथ घ्यायला मी एकदाच सभेत गेलो होतो, गादी पाहिल्याचे आठवत नाही. आप्पांनी मतदानाच्या चालीबद्दल विचारले, तेही त्याला सांगता येईना. माडीवर कुजबुज सुरू झाली. हा खरा लॉर्ड आहे की कोणी तोतया? मग इनामदारांचे भाषण सुरू झाले, आणि पाहुणा खुर्चीत मान टाकून गाढ झोपी गेला.

रावसाहेबांनी माझ्या कानाशी येऊन सांगितले, "लिहा मास्तर. खरा आहे."

पोशा मात्र त्या झोपलेल्या लॉर्डाकडे आणि पुढे बोलतच राहिलेल्या इनामदारांकडे बराच वेळ पाहत होता. जिन्यात मी आपण होऊन म्हटले, "पोशा, फार वाईट वाटते रे." तो म्हणाला, "आसू द्या मास्तर. तुमचे लोक बोलतान ग्वार." ग्वार म्हणजे गोड.

*

त्यानंतर पोशा एकटाच येऊ लागला. मला वाटले, बाकीचे कंटाळले. कोणीही कंटाळले असते. त्यानेच इनामदारांना विनंती केली की आता सभा सकाळपासून भरवा, सगळ्यांना सावकाश बोलू द्या, माझी काही घाई नाही. इनामदार खूश झाले. "माणूस रीतभात शिकला," म्हणाले. येताना ते आपल्या कुरणावरचे दोन्ही राखणदारही बरोबर घेऊन येत. एक काळी काठी घेऊन सभेचा चोपदार व्हायचा, दुसरा दाराशी उभा राहायचा. सभा चालू असताना दोघांनी जागचे हलायचे नाही, असा इनामदारांचाच हुकूम होता.

अमावास्या रविवारी होती. आदल्या शनिवारी शेवटची बैठक झाली. आप्पा पोशाच्या बाजूने पोटतिडकीने बोलले, रावसाहेबही बोलले. मग इनामदार उठले. ते म्हणाले, पोशाबद्दल मला ममताच आहे, म्हणून मी विरोध करणार नाही. माझी फक्त एवढीच अमेंडमेंट आहे की या अर्जाचा विचार आजपासून सहा महिन्यांनी व्हावा.

पुस्तक वाचलेल्या सगळ्यांना याचा अर्थ ठाऊक होता. लॉर्डांना एखादे बिल मारायचे असले की ते त्याला "नको" म्हणत नाहीत. सहा महिन्यांनी पाहू म्हणतात.

मी टाक खाली ठेवला. मला इतका राग आला होता की ती लोकरीची गादी खिडकीतून तळ्यात टाकावी असे वाटले. पण मी क्लार्क होतो, आणि इनामदार शाळेच्या कमिटीवर होते. मी टाक पुन्हा उचलला.

मतदानाला उभे राहायच्या आधी तात्यासाहेबांनी दोरीपलीकडे पाहून विचारले, "पोशा, तुझ्यासाठी आणखी कोणी बोलावेसे वाटते का?" हे नियमाबाहेर होते, पण म्हातारा मनाचा वाईट नव्हता.

पोशा हात जोडून म्हणाला, "इनामदारसायेब आनखी येकदा बोलतील त बरा व्हईल. तेंचा बोलना मना आवारतं."

आपले बोलणे आवडते म्हटल्यावर इनामदार आणखी तासभर बोलले. मग मते घेतली. आप्पा आणि रावसाहेब पोशाच्या बाजूने, इनामदार आणि त्यांच्या भाषणाने विरघळलेले तात्यासाहेब सहा महिन्यांच्या बाजूने. समसमान मते पडली तर लॉर्डांच्या सभेत मागणाऱ्याचे मागणे पडते. अर्ज पडला. आप्पा मान खाली घालून पुस्तकाची पाने चाळत बसले.

इनामदार दोरीपाशी गेले आणि त्यांनी पोशाच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नकोस हो. सभेपुढे माझाही इलाज चालत नाही."

"वाईट कशाला वाटंल सायेब?" पोशा म्हणाला. "फकस्त तुमचा भाषान आनखी घटकाभर चालला पायजे व्हता. बांदाचा येक टोक तेवरा ऱ्हायला."