चार शिंगांचा बैल

सुजय आमच्या खाडीकाठचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. दहा वर्षं झाली, रोह्याजवळच्या एका कंपनीत शिफ्ट करतो, शेजारच्या अष्टमी गावात भाड्यानं राहतो. एकदा विचारलं, "बरा हायेस ना रे?" तर म्हणतो, "आजोबा, फाटकातून आत जाताना श्वास धरतो, तो घरी येऊनच सोडतो."

सुट्टीला लग्नांचे फोटो काढायचा. आता आमच्याकडची हळद म्हणजे नवऱ्यासकट भिंती पिवळ्या. ती आत जाऊ नये म्हणून ह्यानं लेन्सवरच्या कळांना चिकटपट्टी मारून ठेवलेली. त्यातली एक कळ स्टॅबिलायझरची. हात थरथरला तरी चित्र सांभाळते. लग्नात चांगली, म्हणून कायम चालू.

यंदा पेणच्या बाजूला बैलगाड्यांची शर्यत होती. धनेशशेठ आपली जोडी स्वतः हाकतो. तो सुजयला म्हणाला, "बॅनरवर लावायला माझ्या जोडीचा पळतानाचा फोटो दे. चाकं फिरताना दिसायला हवीत. जमलं तर सालभर सगळ्या शर्यतींना तूच." तेवढं मिळालं की सुजय कंपनी सोडणार होता.

मी मुद्दाम त्याच्याशेजारी उभा. बैल सुटले, त्यांच्याबरोबर सुजयनं कॅमेरा फिरवला. फोटोत बघतो तर बैलाला चार शिंगं.

"ही लेन्स मला मागं वढते, आजोबा. मी बैलांमागं वळतो, तिला वाटतं हात हलला."

"मग बंद कर की."

पट्टी काढली. तरी खाली तेलहळद शिरून, सुकून दगड झालेली. पिनेनं टोकरलं, नखानं ढकललं. कळ जागची हलेना.

दुसऱ्या फेरीला त्यानं फोटोचा वेग वाढवला. शिंगं दोनच आली, पण चाकांचा आरा न् आरा मोजून घ्यावा.

धनेशशेठ म्हणाला, "बैल पळतायत का चरतायत?"

राहिली शेवटची फेरी. सुजयनं पिशवीतली जुनी, छोटी लेन्स चढवली. तिला स्टॅबिलायझरच नाय, पण ती लांबचं जवळ आणत नाय, म्हणून पार दोरीला जाऊन चिकटला. पाय रोवून नुसता कमरेतून वळला.

काय फोटो आला म्हणून सांगू! बैलाचा डोळा लख्ख, चाकाची गरगर, मागची माणसं वाऱ्यानं पुसल्यासारखी.

धनेशशेठनं बराच वेळ पाहिला. "झ्याक हाय. पण मी कुठं हाय?"

"मागं हायेस, शेठ," सुजय म्हणाला. "चेहरा पुसलाय जरा. बैलापेक्षा तू जास्त हललास."

"बॅनरवर चेहरा नाय तर मला वळखंल कोण? तो मगासचा उभ्या बैलांचा दे, त्यात मी हाय. सालभराचं मग बघू."

सुजयनं तो उभ्या बैलांचा फोटो पाठवून दिला आणि कॅमेरा पिशवीत भरला.

"पुढची शर्यत कधी, आजोबा?"

"येत्या रविवारी. येशील?"

"पहिली शिफ्ट हाय," म्हणाला, आणि रोह्याची गाडी गाठायला निघाला.