अनारशाचं पीठ

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवाला सांगायचं म्हणाल, तर त्याने ते बघितलेलंच असणार. दुपारची वेळ होती, उजेड भरपूर होता. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर नसतं सांगितलं. मी किती भित्री आहे, हे तुम्हाला आधीच कळलेलं बरं.

गावात मला ओळखतात ते गोड न खाणारी बाई म्हणून. उंद्रीत आमच्या घरी कुणी पेढे घेऊन आलं, की माझ्यापाशी येऊन हात थबकतो. "मॅडम, तुम्ही तं खात नाही ना." मी शाळेत विज्ञान शिकवते. साखर पोटात जाऊन काय काय उद्योग करते, ते फळ्यावर काढून दाखवते. शिक्षकांच्या खोलीत महिन्यातून एकदा तरी कुणाचा वाढदिवस असतोच, आणि मग ती पन्नाशीची माणसं बोटाने क्रीम चाटतात, एकमेकांच्या गालाला फासतात. एकाने तर केकवर स्वतःचाच फोटो छापून आणला होता आणि हसत हसत स्वतःच्याच नाकावरून सुरी फिरवली. किळस येते मला. अजूनही येते, खोटं कशाला बोलू? मी कोपऱ्यात बिनसाखरेचा चहा घेऊन बसते आणि बघत राहते. कुणीतरी म्हणतंच, "मॅडमचा कंट्रोल पाहा." हे एवढं ऐकण्यासाठी मी वीस वर्षं तो कडू चहा प्यायले आहे.

आता तुम्हीच सांगा — ज्याला खरंच गोड आवडत नाही, तो दुसऱ्याच्या खाण्याकडे इतका वेळ बघत बसेल का?

असो. माझ्या धाकट्या जावेबद्दल सांगायला हवं. ज्योती तिचं नाव. माहेर संग्रामपूरकडचं, शिक्षण दहावी, अंगाने दणकट, शेतात आणि घरात सारखीच राबणारी. तिचं सगळं खाणं सगळ्यांसमोर. पातेल्याच्या तळाची खरवड ती बोटाने पुसून खाई आणि डोळे मिटून घेई. आमच्या घरात सुनांचे वाढदिवस करायची रीत नव्हती. माझा कधी झाला नाही, मी कधी म्हटलं नाही. हिने लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःच शिरा केला. तूप सुटेपर्यंत रवा भाजला, वाटी भरून घेतली आणि स्वैपाकघराच्या उंबऱ्यात बसून अगदी सावकाश खाल्ला. "आज माहा वाढदिवस आहे ताई. घ्या ना थोडासा." मी म्हटलं, मी गोड खात नाही. नवऱ्याला रात्री म्हणाले, तुमच्या भावाने हावरट बायको करून आणली आहे. तोही हसला.

मला तिचा इतका तिरस्कार का वाटावा? तिने माझं काय घेतलं होतं? ती खात होती, आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती — बस, एवढंच.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. नणंदेचं लग्न होऊन पहिलाच धोंड्याचा महिना आला. दर तीन वर्षांनी येतो तो अधिक महिना, त्याला आमच्याकडे धोंड्याचा म्हणतात. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला तेहतीस अनारसे द्यायचे, वर दिवा ठेवून, पाया पडून. आमचे विष्णू लोणारहून एसटीने येणार होते, सोबत त्यांच्या मातोश्री. आणि त्या मातोश्रींनी लग्नात मानपानावरून नाक मुरडलेलं असल्यामुळे आमच्या घरात त्या तेहतीस अनारशांना परीक्षेच्या पेपराइतकं महत्त्व आलं होतं. नणंद सासरी किती ताठ मानेने राहणार, ते म्हणे त्यावर ठरणार होतं. मी मनातल्या मनात हसत होते. शिकलेली ना मी!

अनारसे घरात एकट्या ज्योतीला जमत. तिने तीन दिवस तांदूळ भिजवले, रोज पाणी बदललं, सावलीत कापडावर सुकवले, ओलसर असतानाच कुटले, गूळ आणि तूप घालून मळले आणि त्याचा मोठा गोळा डब्यात घालून मुरायला ठेवला. आठवडाभर मुरायचा होता.

तुम्ही कधी अनारशाचं कच्चं पीठ खाल्लं आहे?

खाल्लं असेल, तर पुढचं तुम्हाला समजेल. पहिल्या दिवशी मी फक्त झाकण उघडून बघितलं. खरंच. घरची माणसं शेतात होती, सासूबाई ओसरीवर झोपल्या होत्या, माझी शाळा तेव्हा सकाळची असायची. वास आला — ओला तांदूळ, गूळ, तूप, आणि त्यात किंचित आंबूस असं काहीतरी. मी नखाएवढं चिमटीत घेतलं. मग सुपारीएवढं. मग लिंबाएवढा गोळा घेऊन दाराआड भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि तो जिभेने टाळूला दाबून धरला. चावलं नाही. विरघळू दिलं. तांदळाची बारीक कणी शेवटपर्यंत राहते, ती दातांत कचकचते. माझ्या आयुष्यात त्याच्याइतकं चांगलं मी काही खाल्लेलं नाही, आणि हे लिहितानाही तोंडाला पाणी सुटलं आहे. इतकी मी खालच्या पातळीची आहे.

केक चाटणारे निदान टाळ्या वाजवून चाटतात. मी सहा दिवस, रोज दुपारी, भिंतीकडे तोंड करून खाल्लं. हात धुतले, तोंड धुतलं, आणि ओसरीवर येऊन वह्या तपासत बसले. सहाव्या दिवशी डब्यात बघितलं तर गोळा निम्मा. अनारसे दुसऱ्या दिवशी तळायचे होते.

तेव्हा सांगता आलं असतं? हो. "ज्योती, मी पीठ खाल्लं गं." ती हसली असती. तिने नक्कीच हसून म्हटलं असतं, कच्चंच लई चांगलं लागते ताई. रातोरात काहीतरी तोड काढली असती तिने. पण मग मी गोड न खाणारी बाई राहिले नसते ना. मग तिच्यात आणि माझ्यात फरक तो काय उरला असता?

म्हणून मी डबा भरला. पापडातून उरलेलं तांदळाचं कोरडं पीठ होतं, ते घेतलं. गूळ किसला. तूप घातलं, दुधाचा हात लावला, आणि सगळं जुन्या गोळ्यात मळून टाकलं. मळताना चव बघत होते. आणखी गोड हवं असं वाटलं, म्हणून आणखी गूळ घातला. मुलांना प्रमाण शिकवणारी बाई मी, आणि माझं माप माझ्या जिभेने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी जावई बाहेर बैठकीत बसलेले असताना ज्योतीने पहिला अनारसा तुपात सोडला. तो पसरला. जाळी नाही, कड नाही, नुसता भुगा होऊन तूपभर झाला. अनारसे हसले, म्हणतात बायका. दुसरा हसला, तिसरा हसला. ज्योतीच्या कपाळावर घाम आला. चौथ्याला सासूबाई आत आल्या, कढईत बघितलं आणि हळू आवाजात, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून अगदी दात दाबून विचारलं, "कोण शिवलं वं पिठाले? अडचण होती त काऊन लपवलं?"

पाळीबद्दल विचारत होत्या. आमच्याकडे लोणचं नासलं, पापड फाटला, अनारसा हसला, की आधी बाईकडे बघतात. गुळाचं प्रमाण वगैरे नंतर, सवड मिळालीच तर.

"नाही हो आत्याबाई," ज्योती म्हणाली. "देवाशपथ. अजून आठ दिवस आहेत माह्ये."

सासूबाईंचा विश्वास बसेना. तशी ती माझ्याकडे वळली. हातातला झारा तसाच, तूप खाली ठिबकतं आहे. "ताई, तुम्ही सांगा ना. तुम्ही तं हेच शिकवता. असं होते काय कधी?"

इथे आले. आतापर्यंत जे सांगितलं ते काहीच नव्हतं. पीठ खाणं ही चोरी फार तर; लहान मुलंही करतात. मी गप्प बसले असते, मूग गिळून उभी राहिले असते, तर आज हे सगळं लिहावंही लागलं नसतं कदाचित. पण मी गप्प बसले नाही. मी शाळेत वापरते तो आवाज काढला — शांत, समजावणीचा — आणि म्हणाले, "कधी कधी आठ दिवस आधीही सुरू होतं, ज्योती. सुरुवातीला बाईच्या लक्षात येत नाही."

वाक्यातला शब्दही खोटा नव्हता. पुस्तकात दाखवता येईल. विचारलं होतं ते वेगळंच, आणि मला ते चांगलं कळत होतं.

ज्योती माझ्याकडे बघत राहिली. मग स्वतःकडे बघितलं तिने, साडीकडे. झारा खाली ठेवला आणि मागच्या दाराने मोरीकडे गेली. परत आली तेव्हा कढईला हात लावला नाही.

चिखलीहून दुकानातले अनारसे आणले. लोणारच्या मातोश्रींनी एक उचलून दोन बोटांत दाबला आणि म्हणाल्या, "विकतचे दिसतात." नणंद वर्षभर ज्योतीशी बोलली नाही. सणावाराची कढई ज्योतीच्या हातून गेली. भाकरी, भांडी, निवडणं-टिपणं तेवढं राहिलं. त्या वर्षी तिने वाढदिवसाला शिरा केला नाही. पुढेही कधी नाही. पातेलं पुसून खाताना मी तिला नंतर पाहिलेलं नाही. आणि मला काय वाटलं असेल? वाईट? सुरुवातीला वाटलं असेलही. पण जास्त करून मला तिचा रागच आला. इतकी कशी ही मूर्ख? कुणी काही सांगावं आणि हिने मानावं? मी खोटं बोलले, आणि ते खरं मानल्याबद्दल तिलाच कमी लेखलं. चौदा वर्षं लेखत आले.

पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली, श्रावणी. यंदाच्या उन्हाळ्यात पुन्हा धोंड्याचा महिना आला. सासूबाई आता खाटेवर असतात, आणि नणंदेनेच या वेळी ज्योतीला फोन करून सांगितलं, वहिनी, विकतचे आणू नका, तुम्हीच करून पाहा एकदा. चौदा वर्षांनी ज्योतीने तांदूळ भिजवले. आणि तळायच्या आदल्या दिवशी श्रावणीला पाळी आली.

ज्योतीने तिला पुढच्या खोलीत चटई टाकून दिली. पोरगी तेरा वर्षांची, हुशार, शाळेत माझ्याच वर्गात. भांडली आईशी. ज्योती ओरडली नाही. तिने शांतपणे सगळी हकिगत सांगितली, मी तिथेच बसले होते. "माह्या हातून झालं होतं बाई. मले कळलंच नाही. तुह्या आत्याले माह्यापायी सासरी ऐकून घ्या लागलं. वाटलं तं मोठ्या आईले विचार, त्याइनंच सांगतलं होतं तवा."

श्रावणी माझ्याकडे वळली. "मोठी आई, तूच तं शाळेत पोरींले सांगतं ना, याच्यानं काही बिघडत नाही म्हणून? मंग सांग ना आईले."

ज्योती स्वैपाकघराच्या दारात उभी होती. तीही माझ्याकडेच बघत होती. भांडणाने नाही — मी जे सांगीन ते ती मानणार होती. पीठ मी खाल्लं होतं. एवढंच म्हणायचं होतं मला. सासूबाई खाटेवर, नवरा शेतात, ऐकायला या दोघीच.

मी म्हणाले, "तुझ्या आईला अनुभव आहे बेटा. चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

श्रावणीने काही वेळ माझं तोंड न्याहाळलं. मग चटई उचलली आणि दारापासून आणखी दोन हात मागे सरकवली.

दुसऱ्या दिवशी अनारसे उत्तम झाले. प्रत्येकाला जाळी पडली, खसखस सोनेरी भाजली गेली, एकही हसला नाही. ज्योती पहिला अनारसा ताटलीत घेऊन पुढच्या खोलीच्या दाराशी गेली आणि लांबूनच तिने तो लेकीला दाखवला. "पाह्यलं?" ती म्हणाली. रडत होती ती, आनंदाने.

श्रावणीने अनारशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पटल्यासारखी मान हलवली.