तरी विनंती की…

मारोतराव गेल्याची बातमी मला शेजारच्या रेखाच्या फोनवर कळली. माझ्या फोनवर ती येण्याचा प्रश्नच नव्हता. ‘आपलं घाटंजी’ या गावच्या ग्रुपमधून मी रागारागानं बाहेर पडले, त्याला सात महिने झाले होते. रेखा भांडी घासता घासता तशीच ओल्या हातानं आली. “बाई, पाहा ना हे… अर्जवाले मारोतराव गेले म्हन्ते.” वर त्यांचा ओळखपत्रावरचा फोटो होता आणि खाली गाव हात जोडून उभं होतं. एकानं नेहमीच्या सवयीनं अंगठा दाखवला होता, एकानं मध्येच सोयाबीनचा भाव विचारला होता, आणि एवढं सगळं वर लिहिलेलं असताना एकजण विचारत होता, ‘कोण गेलं?’ त्याच्याखाली दिगांबर खतवाला आणि वसंता जीपवाला यांची जुंपली होती. मुद्दा असा की, बातमी आधी कोणी टाकली. वसंता म्हणत होता मी टाकली. दिगांबरचं म्हणणं, तुझी बातमी फोटोशिवाय होती, ती धरत नाहीत. मी ते वाचत वाचत खाली गेले. मला वाटत होतं, आता येईल… एवढं भांडण झालं म्हणजे आता मारोतरावांचा अर्ज येईलच. मग लक्षात आलं की, तो येणार नाही. मी रेखाला फोन परत दिला आणि पहिल्यांदा रडू आलं.

मारोतराव अर्जनवीस होते. तहसीलच्या आवारात कडुलिंबाखाली त्यांचं पत्र्याचं टेबल, त्यावर कार्बन, टाचणीची डबी आणि उडू नये म्हणून कागदांवर ठेवलेला गुळगुळीत दगड. सातबारा, रेशनकार्ड, विहीर, वारस, सगळ्या तालुक्याचं म्हणणं त्यांच्या हातून साहेबांपुढे जायचं. माझे यजमान वारले तेव्हा पेन्शनच्या कामासाठी मी त्यांच्याकडे गेले. गेले म्हणजे काय, लिहिलेला अर्ज घेऊनच गेले. मी मराठीची शिक्षिका. दुसऱ्यानं माझा अर्ज लिहावा ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. त्यांनी माझी दोन पानं शांतपणे वाचली, घडी घातली आणि माझ्याकडे परत दिली. “बाई, लिव्हलं लय चांगलं हाये. पन याच्यात रडनं हाये, मागनं नाई. साहेबाले मागनं पाह्यजे.” मला राग आला. पण त्यांनी लिहिलेला अर्ज अर्ध्या पानाचा होता आणि त्यात मी वाचल्यावर मान ताठ व्हावी असं काहीतरी होतं. शेवटच्या ओळीआधी ते थांबले. “तरी विनंती की… आता सांगा, तुमाले पाह्यजे काय?” मला ते सांगायला पाच मिनिटं लागली. कचेरीत कागद देऊन मी निघाले तर त्यांनी हाक मारून परत बोलावलं. “पोच घेतली का? दुसऱ्या परतीवर ‘मिळाला’ म्हनून सही घेतल्याबिगर अर्ज सोडाचा नाई. नाई त तुमी काई देल्लंच नाई.” त्या दिवसापासून आमची ओळख.

पुढे मी निवृत्त झाले, गावाच्या हातात मोबाइल आले आणि हा ग्रुप निघाला. ग्रुपवर माणसं कशी वागतात हे मला वर्गात पस्तीस वर्षं काढूनही कळलं नव्हतं. बाजारात समोरासमोर ‘राम राम भाऊ’ म्हणणारी माणसं ग्रुपवर एकमेकांची सात पिढ्यांची उणीदुणी काढत. पहाटे पाचला फुलं पाठवणारा सद्गृहस्थ सकाळी दहाला अशी भाषा वापरायचा की, फुलांचाच संशय यावा. काहीजण कधीच काही बोलत नसत, पण भांडण सुरू झालं की वाचायला सगळ्यात आधी हजर. एकदा कोणीतरी साधं विचारलं, बाजारात वांगी कशी दिली? त्यातून गोष्ट वसंता आणि दिगांबर यांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर गेली आणि दिगांबरच्या आजोबांनी तोडलेल्या बाभळीवर जाऊन थांबली. तेव्हा मारोतरावांनी हातानं लिहिलेल्या एका कागदाचा फोटो ग्रुपवर टाकला.

‘प्रति, श्री. दिगांबरभाऊ. विषय : आपल्या आजोबांनी धुऱ्यावरची बाभूळ तोडल्याबाबत व आपणांस अक्कल नसल्याबाबत. संदर्भ : आपला आज सकाळचा अंगठा. महोदय, मी खाली सही करणार वसंता, धंदा जीप, अर्ज सादर करतो की, वांग्यांच्या भावाची चौकशी चालू असता आपण मला गाढव संबोधले. तरी विनंती की …………’ आणि त्यापुढची जागा कोरी. खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘वसंता, जागा भरून सही करून जाय. उद्या मीच नेऊन देतो.’

वसंता दोन दिवस ग्रुपवर फिरकला नाही. त्याला दिगांबरकडून काय हवं होतं हे त्यालाच माहीत नव्हतं. गाव पोट धरून हसलं, आणि मग ती रीतच पडली. कोणी तापलं की, मारोतरावांचा अर्ज यायचा. विषय असायचा, संदर्भ असायचा, म्हणणं अगदी नेमकं असायचं, भांडणाऱ्याला स्वतःला जमलं नसतं इतकं नेमकं. आणि शेवटी ती कोरी जागा. ती कोणीच भरली नाही. मी त्यांना एकदा म्हटलं, “तुम्ही लोकांना फार चिमटे काढता.” तर म्हणाले, “चिमटा कायचा, बाई? हे लोकं दिवसभर अर्ज करून राह्यले, पन मागून काईच नाई राह्यले. मी फकत जागा सोडतो.”

मग माझी पाळी आली. तालुक्यातल्या एका शाळेत मुलींच्या संडासाला कुलूप असायचं. किल्ली कोणाकडे, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मुली सकाळपासून पाणीच पीत नसत. मी ग्रुपवर हे सविस्तर लिहिलं. त्यावर अंगठे आले, एक गुलाब आला, आणि एका गृहस्थानं लिहिलं, ‘बाई, आता रिटायर झाल्या, नातवंडं सांभाळा.’ मी मारोतरावांची वाट पाहत होते. तालुक्याच्या कचेरीतलं प्रत्येक टेबल ज्या माणसाला ओळखतं, तो एक शब्द तरी बोलेल अशी माझी खात्री होती. आला तो अर्ज, त्या गृहस्थाच्या नावानं. ‘विषय : बाईंनी नातवंडे सांभाळण्याबाबत.’ टोला त्या गृहस्थाला होता, हे आज मला कळतं. पण गाव हसलं, आणि हसण्यात कुलूप बाजूला राहिलं. माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, ‘मारोतराव, तुम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या नावानं लिहिलं. स्वतःच्या नावानं एक ओळ लिहायची तुमची छाती नाही. तुम्ही फक्त गंमत बघता.’ आणि ग्रुप सोडला.

दुसऱ्या दिवशी मारोतराव सायकलनं घरी आले. धोतराच्या सोग्यानं घाम पुसला, पाणी प्यायले आणि पिशवीतून दोन प्रती काढल्या. माझ्या वतीनं, स्वतःविरुद्ध अर्ज. विषय : ‘आपण स्वतःच्या नावाने कधीही न लिहिल्याबाबत.’ मी ग्रुपवर जे लिहिलं होतं ते त्यांनी इतकं नीट मांडलं होतं की, वाचताना मला माझीच भीती वाटली. शेवटी ‘तरी विनंती की’, आणि कोरी जागा. ते म्हणाले, “सही करता काय?” बाकी गावानं कधी केली नाही म्हणून मी हट्टानं केली. कोऱ्या जागेत लिहिलं, ‘आपण आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या नावाने लिहावे.’ त्यांनी ते वाचलं, चष्मा काढून खिशात ठेवला, आणि माझ्या प्रतीवर ‘मिळाला’ लिहून सही दिली. “भरनाऱ्या तुमीच पह्यल्या,” एवढंच बोलले. त्यानंतर ते कधी घरी आले नाहीत. बाजाराच्या दिवशी भाजीवालीपुढे गाठ पडली की म्हणायचे, “अर्ज विचाराधीन हाये, बाई.” मी हसत नसे. मला वाटायचं, या माणसाला माझ्या रागाचीसुद्धा गंमतच वाटते.

दिवाळीच्या आधी त्या संडासाचं कुलूप निघालं. मी स्वतः जाऊन पाहिलं, दार रंगवलेलं, नळाला पाणी. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी घरी येऊन रेखाला म्हटलं, “टाक ग्रुपवर. बाईंच्या पोस्टमुळे कुलूप निघालं.” तिनं टाकलं. अंगठेच अंगठे. त्यात मारोतरावांचाही एक होता. त्यांनी आजवर कोणालाच अंगठा दिला नव्हता. रेखानं तो मला मुद्दाम दाखवला आणि मी मनातल्या मनात म्हटलं, शेवटी मानलंत ना.

तेरवी झाल्यावर त्यांची मुलगी संध्या आली. ती माझीच विद्यार्थिनी. हातात टेबलाच्या खणातली फाइल होती. “बाई, बाबाच्या या कागदांवर तुमचं नाव हाये. मले काई समजलं नाई.” आत ग्रुपवरचे सगळे अर्ज ओळीनं लावले होते. वसंता, दिगांबर, ते नातवंडंवाले गृहस्थ… प्रत्येकावर लाल शाईत शेरा, ‘अर्जदार हजर नाही.’ सगळ्यात खाली माझा. त्यावर लिहिलं होतं, ‘अर्जदार हजर. म्हणणे खरे आहे. अर्ज मंजूर.’ आणि त्याला टाचलेला दुसरा कागद. विषय : ‘मुलींच्या संडासाचे कुलूप काढण्याबाबत.’ अर्जदार म्हणून त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव. ते घरी येऊन गेले त्यानंतरच्या आठवड्यातली तारीख, आणि कोपऱ्यात कचेरीचा गोल शिक्का. मागे तीन स्मरणपत्रं, तिन्हींवर पोच. शेवटी कचेरीचं उत्तर, कुलूप काढण्यात आले आहे.

मंजुरीचा शेरा दोन प्रतींत होता. दुसऱ्या प्रतीवर त्यांनी माझ्या सहीसाठी जागा आखून ठेवली होती. म्हणजे तो कागद माझ्या हातात द्यायला ते निघणार होते. शेऱ्याखालची तारीख मी पाहिली. ज्या दिवशी रेखानं माझ्या नावाचा डंका वाजवला, तोच दिवस. त्यांनी ते वाचलं असणार, अंगठा दिला असणार, आणि कागद पुन्हा फाइलला लावला असणार… मला फार लाज वाटली, आणि ती वाटलीच पाहिजे होती.

त्याच दुपारी मी पुन्हा ग्रुपवर गेले. लिहिलं, ‘कुलूप माझ्या पोस्टमुळे निघालं नाही. मारोतरावांनी स्वतःच्या नावानं अर्ज करून काढलं. मी खोटं श्रेय घेतलं.’ खाली नाव घातलं. पाचेक अंगठे आले. एकानं विचारलं, ‘कोणतं कुलूप?’ मग वसंता म्हणाला, हे त्याला आधीपासून माहीत होतं. दिगांबर म्हणाला, त्याला वसंताच्याही आधी माहीत होतं. मी कागद घेतला आणि लिहिलं, ‘प्रति, श्री. दिगांबरभाऊ व श्री. वसंताभाऊ. विषय : कोणास आधी माहीत होते याबाबत.’ शेवटी कोरी जागा सोडली आणि फोटो टाकला.

संध्या अजून बसलेलीच होती. मी तिच्याकडून मारोतरावांची ती दुसरी प्रत मागून घेतली. त्यांनी आखलेल्या जागेत लिहिलं, ‘मिळाला’, तारीख घातली, सही केली आणि कागद तिच्याकडे दिला. त्यांच्या फाइलला तो लागणार होता.