चाकाच्या आतला गिअर

जहाजावर नोकरी करणाऱ्या मामाने माझ्यासाठी जाड टायरांची सायकल आणली. डोंगरात चालवायची म्हणे. आमच्या वालावलीहून कुडाळला जाताना एक घाटी चढावी लागे आणि घाटीपलीकडच्या शाळेत मी नुकतीच शिकवायला लागले होते.

गिअर बाहेर कुठे दिसत नसत. मागच्या चाकाच्या मधोमध एक फुगीर डबी होती, तिच्यात तीन गिअर बंद. शेजारचे गुरुजी, माझ्याच शाळेत शिकवणारे, वाकून वाकून पाहत.

"गिअर खंय आसा गो ह्येचो?"

"आत."

"आत कित्याक? कोण चोरीत म्हणान?"

मला ती रचना आवडली होती. कामाचं सगळं आत, बाहेर काही नाही. माझंही साधारण तसंच होतं.

सोबतच्या इंग्रजी पुस्तिकेत यंत्राचं पातळ तेल घालायला सांगितलं होतं. मी ते बाबांना वाचून दाखवलं.

"घरचा खोबरेल आसताना बाजारचा कित्याक व्हया?" बाबा म्हणाले. आमच्या माडांचं, घाण्यावरचं तेल. दर रविवारी बाबा बुदलीने, म्हणजे चोचीच्या छोट्या तेलाच्या डब्याने, डबीच्या भोकात तेल सोडत आणि बोटांना राहिलेलं डोक्याला पुसत. डोकं आणि डबी, दोघांचीही निगा सारखीच.

थंडी पडली आणि सकाळी घाटीत हलका गिअर लागेना. पायडल नुसतं गरगरे. मी उतरून सायकल ढकले आणि गुरुजी स्कूटरवरून हात करत पुढे जात. दुपारी परतताना उतारावर मात्र तिन्ही गिअर अगदी आज्ञाधारक. बाबा रविवारी भर उन्हात अंगणात फेरी मारून पाहत. दोष सापडत नसे.

"सायकल बरी आसा. तुका चालवूक येना नाय," ते म्हणाले. "सोमवारपासून गुरुजींच्या स्कूटरार बस."

गुरुजी वाटभर बोलत. त्यांच्या भाच्याला सरकारी नोकरी होती, हे मला आधीच तीनदा कळलं होतं.

शनिवारी सकाळी आई न्हाणीच्या चुलीजवळ खोबरेलाची बाटली ठेवत होती. आत पांढरा गोळा. मी बाटलीकडे पाहिलं, मग सायकलकडे. बाबांनी त्या तेलाचं कौतुक गावभर केलं होतं, तेव्हा बोलणं शक्य नव्हतं. बाबा बाजाराला गेल्यावर मी डबी रॉकेलने धुतली, शिवणयंत्राचं तेल घातलं आणि बुदलीतही तेच भरलं.

रविवारी बाबांनी नेहमीप्रमाणे डबीत तेल सोडलं, बोटं टाळूवर चोळली आणि थांबले. हात नाकाशी नेला. माझ्याकडे पाहिलं. मी वह्या तपासत होते.

सोमवारी घाटी सायकलवर बसूनच चढले. सायकल कशी सुधारली, असं गुरुजींनी विचारलं तेव्हा बाबाच म्हणाले, "खोबरेल मुरूक येळ लागता."

पुढच्या रविवारी त्यांनी तेल घातलं आणि हात चिंधीला पुसले.