सेफ्टीकाकांची डबी

सेफ्टीकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले ते दोन पायांवर, पण उंबरा ओलांडताच चार पायांवर झाले. "चहा नको," म्हणाले, पिशवीतून खेळाडू घालतात तसे नी-कॅप काढून गुडघ्यांवर चढवले, आणि पासष्टी ओलांडलेला तो उंच, गंभीर माणूस आमच्या हॉलमध्ये रांगायला लागला. सोफ्याखाली अर्धे गडप झाल्यावर आतून आवाज आला, "अहो सॉफ्टवेअर, इथं एक खिळा आहे, दोन शेंगदाणे आहेत आणि एक मोजा आहे. मोजा राहू द्या."

सॉफ्टवेअर म्हणजे मी. हिंजवडीला जाणाऱ्या प्रत्येक माणसाला ते याच नावाने हाक मारत, त्यामुळे कंपनीची बस आली की त्यांच्या एका हाकेला चौघे वळून बघत. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कुणाचं मूल रांगायला लागलं की दुसऱ्या मजल्यावरून काकांना बोलवायचं, असा रिवाजच पडला होता. भोसरीच्या एका कारखान्यात, पत्रे कापणाऱ्या अजस्र यंत्रांमध्ये, ते आयुष्यभर सेफ्टी ऑफिसर होते. "संध्याकाळी सगळ्यांची सगळी बोटं घरी गेली की माझा दिवस भरला," असं सांगायचे. निवृत्त झाल्यावर यंत्रं सुटली. भीती शिल्लक होती, ती त्यांनी सोसायटीतल्या पोरांच्या कामी लावली.

त्यांच्या शर्टाच्या खिशात एक काळी डबी असे. पूर्वी कॅमेऱ्याचे रोल यायचे ना, ती. आपल्या आयांनी जिच्यात पुढे सेफ्टी पिना ठेवल्या, तीच. जी वस्तू या डबीत मावेल ती मुलाच्या घशात अडकू शकते, एवढा सोपा हिशेब. गोटी, बाटलीचं बूच, माझ्या शर्टाचं बटण, काका एकेक वस्तू डबीत टाकून बघायचे आणि "नापास" म्हणून बाजूला ठेवायचे. आईच्या देवघरातला बाळकृष्ण त्यांनी हात जोडून उचलला आणि डबीत सोडला. तो अलगद आत बसला. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. "वरच्या फळीवर बसवा त्यांना," काका नम्रपणे म्हणाले, "तिथूनही लक्ष ठेवतील."

बाथरूममध्ये गरम पाण्याची बादली भरलेली होती. काका तिच्यासमोर रांगतच थांबले. "बादलीत आधी गार पाणी, मग गरम. आणि भरून ठेवायची नाही. तुमच्यासाठी ही बादली आहे, तिच्यासाठी विहीर आहे." 'ती' म्हणजे आमची ओवी. एवढी तपासणी चालू असताना ती त्यांच्या मागोमाग रांगत होती आणि आपल्याला अखेर आपल्या जातीचं कुणीतरी भेटलं, अशा आनंदात होती.

'थोडक्यात वाचली' हे शब्द काकांपुढे उच्चारायची सोय नव्हती. एकदा मी हसत हसत सांगितलं की ओवीनं टेबलक्लॉथ ओढला, पण चहा पलीकडच्या बाजूला सांडला. काका हसले नाहीत. "कुठल्या बाजूला सांडायचं ते चहानं ठरवलं. तुम्ही काय ठरवलं?" टेबलक्लॉथ त्या दिवशी कपाटात गेला तो अजून बाहेर आलेला नाही.

तसा मीही कमी घाबरट नव्हतो. ओवी झाल्यावर मी हवा शुद्ध करणारं यंत्र आणलं, पाळण्यावर कॅमेरा लावला, आणि ती श्वास घेते की नाही हे बघायला तिच्या नाकाखाली बोट धरून गाढ झोपलेलं मूल कैकदा उठवलं. यावर माझी बायको मृण्मयी जे बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझी भीती भरपूर होती, पण बिनकामाची. आणि तरी हसायचो मी काकांनाच. गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात मी त्यांच्या रांगण्याची नक्कल केली, टाळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात काका समोर आले. मी पायऱ्या मोजायला लागलो. "छान झाली नक्कल," ते म्हणाले, "फक्त डावा गुडघा माझा जास्त दुखतो. तुम्ही हसा, मी घाबरतो. कामं वाटून घेऊ."

मग दिवाळी आली. मूल घरात, तेव्हा यंदा तेल-वातीच्या पणत्या नकोत, असं मी जाहीर केलं आणि बॅटरीवर चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या पणत्या आणल्या. आपल्याला सुचलं याचा मला इतका अभिमान वाटला की मी एक पणती घेऊन मुद्दाम काकांकडे गेलो. त्यांनी ती डबीला लावून बघितली. पणती केवढी तरी मोठी, मावायचा प्रश्नच नव्हता. "पास," काका म्हणाले. "शिकताय तुम्ही." मी दोन-दोन पायऱ्या चढत घरी आलो.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी कंदील लावायला गॅलरीत होतो. आत आलो तर ओवी जमिनीवर बसलेली, पुढ्यात एक विझलेली पणती, आणि पणतीच्या बुडाचं झाकण वेगळं पडलेलं. आतला सेल नव्हता. रुपयाएवढा, चपटा, चकचकीत. ओवी रडत नव्हती. तिच्या तोंडातून लाळ गळत होती आणि ती एकसारखी गिळायचा प्रयत्न करत होती.

मृण्मयीनं काकांना फोन लावला. मी काय केलं? मी केळं सोललं. आई म्हणाली, "केळं दे, केळ्याबरोबर उतरेल खाली," आणि मला त्या क्षणी जगात तेवढंच खरं वाटलं. मी केळ्याचा तुकडा ओवीच्या ओठांशी नेला, तेवढ्यात काका दारात आले. बनियनवर, अनवाणी.

"केळं तुम्ही खा," ते म्हणाले. "तिच्या तोंडात आता पाणीसुद्धा घालायचं नाही. बोट घालून उलटी काढायची नाही. खाली रिक्षा थांबवलीय. आधी एक्स-रे."

"पण काका, सेल कदाचित सोफ्याखाली असेल. एकदा शोधून..."

"शोधायला मी आहे. तो पोटात आहे असं धरून तुम्ही निघा. नाणं नाही ते, सॉफ्टवेअर. सेल आहे. अडकला तिथं आतून भाजतो."

आमच्या लिफ्टचं दार लागेपर्यंत मला दिसत होतं, काका नी-कॅपशिवाय, तशाच उघड्या गुडघ्यांवर, सोफ्याच्या दिशेने रांगत होते.

कर्वे रस्ता दिवाळीच्या खरेदीनं तुंबलेला. सगळीकडे दिवे, आणि मला प्रत्येक दिव्याच्या बुडाशी झाकण दिसायला लागलं. मृण्मयी ओवीच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि काहीही बोलत नव्हती. नेहमी माझ्या प्रत्येक मूर्खपणावर बोलणारी बायको गप्प आहे, याच्यासारखी भीतिदायक गोष्ट मी अनुभवलेली नाही. इस्पितळात काउंटरवरच्या बाईंनी मुलीचं नाव विचारलं. मला आठवेना. "आणि ते खाली ठेवा आधी," त्या म्हणाल्या. सोललेलं केळं अजून माझ्या मुठीत होतं. मुठीतून कोपरापर्यंत ओघळलं होतं.

एक्स-रेवर गळ्याच्या खाली एक पांढरी चकती दिसली. "नाणं नाही," डॉक्टर म्हणाल्या, "कडेला ही दुसरी रेघ दिसतेय ना? सेल आहे. लगेच काढायला लागेल." ओवीला आत नेलं. दाराच्या वर लाल दिवा लागला. तेवढ्यात काकांचा फोन आला. "घरात कुठेच नाही हो," ते म्हणाले. मी म्हणालो, "सापडला, काका." पुढे फोन ठेवायचं दोघांनाही सुचेना.

दुर्बिणीनं सेल निघाला. अन्ननलिकेला आतून थोडी इजा झाली होती, पण भरून येण्यासारखी होती. "लगेच आणलंत," डॉक्टर म्हणाल्या, "आणि काही खायला दिलं नाहीत. भूल द्यायला सोपं गेलं." मी केळ्यानं चिकट झालेला हात खिशात घातला.

ओवी घरी आली, सगळी सोसायटी येऊन बघून गेली, काका आले नाहीत. शेवटी मीच खाली गेलो. ते खुर्चीत बसले होते आणि समोर स्टुलावर ती पणती होती. मी त्यांच्याकडे दाखवायला नेलेली.

"ही मी पास केली होती," काका म्हणाले.

"काका, तुमच्यामुळेच ती थोडक्यात..." मी जीभ चावली.

"आयुष्यभर कारखान्यात ओरडत आलो, झाकण उघडून आत बघा. आणि इथं मीच उघडलं नाही. डबीत मावत नाही, एवढंच बघितलं."

डॉक्टरांनी दिलेला सेल माझ्या खिशात होता. एक बाजू काळी पडलेली. मी तो त्यांच्या हातावर ठेवला. काकांनी तो डबीत टाकला आणि झाकण लावलं. तेव्हापासून त्यांच्या खिशात डबीबरोबर एक छोटा पेचकस आला. ज्या खेळण्याच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नाही, ते नापास. गाणारी बाहुली नापास, रिमोट नापास, आईचं डिजिटल जपमोजणी यंत्रसुद्धा नापास. रांगताना ते आता पूर्वीसारखे विनोद करत नसत. चालताना खिशात सेल वाजायचा, आणि काका येताहेत हे जिन्यातच कळायचं.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत. कुणालाही घाबरायला वेळ न देता. दिवस झाल्यावर काकूंनी मला बोलावलं आणि डबी, पेचकस, नी-कॅप असं सगळं एका पिशवीत घालून हातात दिलं.

"तुम्हाला द्यायला सांगून ठेवलं होतं त्यांनी. म्हणाले, सॉफ्टवेअर आता पुरेसा घाबरलाय."

मागच्या आठवड्यात पाचव्या मजल्यावरच्या नव्या जोडप्यानं बोलावलं. मुलगा नुकताच रांगायला लागलाय. मी चहा नको म्हणालो, नी-कॅप चढवले आणि त्यांच्या सोफ्याखाली शिरलो. खिशातला सेल वाजला आणि नेहमीसारखा मला घाम फुटला. मागे त्या पोराचा बाप तोंड दाबून हसत होता, मला स्पष्ट ऐकू येत होतं. बहुधा व्हिडिओही काढत असावा. मी आणखी आत सरकलो. त्याच्या वाट्याचं काम तो करत होता.